सावध करणारा

(भोर. दुपार. संस्थानच्या कचेरीत कारकून असलेल्या गंगाधरपंतांच्या घराची पडवी. नवरा-बायको नुकतीच मुंबईहून परतली आहेत.)

सौदामिनी : डाव्या खिशात काही ठेवायचं नाही.

सौदामिनी : ट्राम पुरती थांबल्याशिवाय दांडा सोडायचा नाही.

सौदामिनी : चामडं सोवळ्यात चालत नाही.

सौदामिनी : कुणी अंगावर रेललं तर त्याच्याकडे नाही, त्याच्या सोबत्याकडे बघायचं.

सौदामिनी : बोचकं द्या बाई, म्या धरतो.

सौदामिनी : जो सावध करतो, तोच साथीदार असतो.

गंगाधर : झालं तुझं?

सौदामिनी : आठवतंय तेवढं म्हणते. निघायच्या आधी केशवभावजींनी याच पडवीत बसून तुम्हाला धडा दिला होता. मुंबईत खिसेकापूंपासून कसं सावध राहायचं त्याचा.

गंगाधर : केशव मुंबईत राहून आलाय. त्याला कळतं. पण त्यात सोवळं कुठून आलं? आणि बोचकं?

सौदामिनी : ते मी घातलं. भावजींच्या धड्यात नव्हतं म्हणून. हे घ्या.

गंगाधर : हे... हे कुठं मिळालं?

सौदामिनी : पारोशा कपड्यांच्या बोचक्यात. सकाळी नदीवर तुमचं धोतर आपटलं ते दगडावर टणकन वाजलं. काच तडकली आहे. बाकी शाबूत आहे.

गंगाधर : माझं घड्याळ.

सौदामिनी : तुमचंच. ट्राममध्ये चोरीला गेलेलं.

गंगाधर : पण बोचक्यात कसं जाईल? मी कोटाच्या खिशातच...

सौदामिनी : खिशात नव्हतं. आपण निघालो त्याच दिवशी गिरगावात सरोजवन्संकडे श्राद्ध होतं. तुम्ही वेळ बघितलीत आणि ते कोनाड्यात ठेवून सोवळं नेसायला गेलात. कोनाड्यात नैवेद्याचं ताट. घड्याळाला चामड्याची वादी. वन्संना ती दिसली असणार. त्या चिमट्यात काहीतरी धरून, अंग चोरत बाहेर गेल्या, आपल्या पारोशा कपड्यांकडे. मी चुलीपाशी होते. मला वाटलं निखारा आहे.

गंगाधर : सरोजला सांगायला काय झालं होतं?

सौदामिनी : मागं वीस पानं वाढायची होती. विसरल्या असतील.

गंगाधर : बरं. मिळालं ना. देवापुढं साखर ठेव आणि कुणाजवळ बोलू नकोस.

सौदामिनी : आणि तो माणूस?

गंगाधर : कोणता माणूस?

सौदामिनी : ज्याला तुम्ही पोलिसाच्या हातात दिलंत तो.

गंगाधर : हे बघ. एक अनोळखी माणूस भर ट्राममध्ये माझ्या कानाशी येतो. कोटाला हात लावतो. म्हणतो, रावसाहेब, खिसा सांभाळा, मागली दोघं बरी न्हाईत. मी चाचपतो, तर घड्याळ नाही. मी काय समजायचं?

सौदामिनी : अनोळखी? चढल्या चढल्या त्यानं तुम्हाला वाकून रामराम केला होता. म्या पासलीचा, गावाकडं असलो की तुमच्या कचेरीत येतो, म्हणाला होता.

गंगाधर : चोर वाटेल ते गाव सांगेल.

सौदामिनी : वाटेल ते सांगायचं तर पुणं सांगेल, सातारा सांगेल. आपल्या भोरकडचं पासली कोण सांगतो? मुंबईत पासली कुणाच्या बापाला माहीत आहे?

गंगाधर : आवाज हळू.

सौदामिनी : तिथं हळूच होता माझा आवाज. पोलिसानं मला विचारलं, बाई, तुम्ही बघितलंत का? तर तुम्ही म्हणालात, तिला काय विचारता. आणि मी पदर सारखा करून खाली बघितलं. परक्या पुरुषांत बोलायचं नाही, हे आपलं वळण.

गंगाधर : बोलून काय सांगणार होतीस?

सौदामिनी : की त्याचा एक हात दांड्याला होता आणि दुसऱ्या हातात आपलं बोचकं होतं. तिसरा हात त्यानं पासलीहून आणला होता का?

गंगाधर : कोटाला हात लावलाच की त्यानं.

सौदामिनी : दांडा सोडून लावला. पडता पडता वाचला. चोरी करायला कुणी असं पडत नाही.

चंद्राबाई : रावसाहेब हायत का घरात?

गंगाधर : कोण आहे? कचेरीचं काम कचेरीत.

चंद्राबाई : कचेरीचं न्हाई. म्या चंद्राबाई. पासलीची. कोंडिबाची आई.

सौदामिनी : या. वर या, पडवीत बसा. पाणी देते.

चंद्राबाई : पानी नगं. वाटंला प्याले. रावसाहेब, आमच्या वाडीतला ज्ञानू काल ममईस्नं आला. कोंडिबासंगं एकाच खोलीत ऱ्हातोय. त्यो म्हनला, कोंडिबाला चोर म्हनून धरला आन् धरून देनारं भोरचं कचेरीतलं रावसाहेब. म्या त्याच्या तोंडावर म्हनलं, खोटं बोलतूस.

गंगाधर : अगं बाई, तिथं गर्दी होती...

चंद्राबाई : म्या म्हनलं, आपल्या राजाच्या मुलकातला मानूस परमुलकात आपल्याच मानसाला कसा धरून दील? वळख पटली नसंल. म्हनून तुमालाच पुसाया आले. न्हाई पटली ना वळख?

गंगाधर : तसंच काहीसं.

चंद्राबाई : मंग आता पटली. चला, सोडवा.

गंगाधर : इतकं सोपं नसतं ते. मुंबई म्हणजे खालसा. इंग्रजांचं राज्य. तिथं भोरच्या कारकुनाला कोण विचारतो?

चंद्राबाई : धरताना इचारलं की.

सौदामिनी : चंद्राबाई, हे बघा. हे ते घड्याळ.

गंगाधर : सौदामिनी.

सौदामिनी : चोरीला गेलंच नव्हतं. आमच्याच मळक्या कपड्यांत होतं. आज सापडलं.

चंद्राबाई : ह्ये? येवढुसं?

सौदामिनी : हेच.

चंद्राबाई : माझं पोरगं कोठडीत घातलं, त्ये ह्याच्यापायी? आन् ह्ये हितं तुमच्या घरात? रावसाहेब, आमाला घड्याळ ठावं न्हाई. आमी वळचनीची सावली बघून भाकरी खातो. पन हरवलेली शेळी घरातच घावली, तर जेच्यावर आळ घेतला त्याच्या दारात जाऊन आमी पाया पडतो. आमच्यात असं हाय. तुमच्यात कसं असतंय, सांगा.

गंगाधर : बाई, तुझं दुःख मला समजतं. पण पुरावा नाही, म्हणजे तो सुटेलच.

चंद्राबाई : ज्ञानू म्हनला, सोमवारी हुबं करनार. पोलिसानं सांगितलंय म्हनं, साहेबाचा शबूद हाय, दुसरं काय लागत न्हाई. आन् गोदीतला मुकादम म्हनला, चोराला पुन्यांदा कामावर घेनार न्हाई.

सौदामिनी : ऐकलंत? पुरावा तुम्हीच आहात.

गंगाधर : मी जाऊन काय सांगू? घड्याळ घरीच होतं म्हणून? मॅजिस्ट्रेट विचारेल, मग खोटी फिर्याद का दिलीत. उलट मलाच उभं करतील. ते दरबारापर्यंत येईल. दिवाणसाहेब मला घरी बसवतील. मी मुद्दाम केलं का हे? मीसुद्धा घाबरलो होतो. त्या गावात उतरल्यापासून मी खिशावरचा हात काढला नव्हता.

सौदामिनी : तेच म्हणते मी. आख्ख्या मुंबईत एका माणसानं आपल्याला आपलं म्हटलं, आणि तुम्ही नेमका तोच धरलात. कारण धड्यात होतं.

गंगाधर : एक करता येईल. घड्याळ वाटेत पडलं होतं, कुणीतरी आणून दिलं, असं कळवतो. तोही सुटेल, माझंही निभेल.

चंद्राबाई : कुनी आनून दिलं?

गंगाधर : कुणीतरी. वाटसरू.

चंद्राबाई : मंग तितं म्हनतील, ह्याच्याच सोबत्यानं भ्याऊन आनून दिलं. चोर त्यो चोरच ऱ्हातोय की. नुसता सुटून काय करू म्या? वाडीत त्याच्या पोरीची सोयरीक ठरलीया.

सौदामिनी : खोटं सांगायचं नाही. आता तर मुळीच नाही. चंद्राबाई, घड्याळ तुमच्याजवळच ठेवा, कनवटीला लावा. उद्या सकाळी मोटारीनं कापूरहोळ, तिथून पुणं, पुढं रेल्वे. मी तुमच्याबरोबर येते.

गंगाधर : तू?

सौदामिनी : चिमट्याचं मला माहीत आहे, बोचक्याचं मला माहीत आहे. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. साक्षीदार मीच.

गंगाधर : बायकांनी एकट्यानं मुंबईला जायचं? त्या खिसेकापूंच्या गावात?

सौदामिनी : लुगड्याला खिसा नसतो.

गंगाधर : थट्टा नको. कोर्टात माझं नाव घ्यावं लागेल. सगळ्यांसमोर.

सौदामिनी : घेईन. उखाण्याशिवाय घेईन.

गंगाधर : लोक काय म्हणतील? बायकोला पुढं केलं म्हणतील.

सौदामिनी : म्हणू देत. कोंडिबाला चोर म्हणतात, त्याला पदराखाली तोंड लपवता येत नाही.

चंद्राबाई : बाई, तुमच्या घरात माझ्यापायी तंटा नगं. पन तुमी येनार असाल तर म्या आज हितंच पडवीत पडते. उद्या मोटार चुकाया नगं.

गंगाधर : पडवीत कशाला. आत झोप... आत झोपा. अंथरूण देईल ही.

सौदामिनी : देईन.

गंगाधर : आणि घड्याळ इकडं द्या.

चंद्राबाई : न्हाई देनार.

गंगाधर : फिर्यादीनंच ते मॅजिस्ट्रेटपुढं ठेवावं लागतं. फिर्यादी मी आहे.

सौदामिनी : तिथं पोचल्यावर देतील. तोवर त्यांच्या कनवटीला राहू दे.

गंगाधर : रजेचा अर्ज करायला हवा. कारण काय लिहू?

सौदामिनी : खरं लिहा.

गंगाधर : सौदामिनी, तो माणूस माझ्याकडे बघत होता. पोलीस नेत असताना. शिव्या देईल असं वाटलं होतं. जाता जाता त्यानं आपलं बोचकं तेवढं तुझ्या हातात दिलं.

चंद्राबाई : त्यो लहानपनापास्नं तसाच. बाई, त्या ट्रामगाडीतनं त्यो चाललावता तरी कुटं? ज्ञानूला त्ये ठावं न्हाई.

सौदामिनी : धोबीतलावाला. ते मागं गेलं होतं. बोरीबंदर स्टेशन आम्हाला ओळखू येणार नाही, म्हणून तो उतरला नव्हता.