तिसऱ्या वळणावरचा गाळ

नाही धनी, कितीही दोर लावा, ती नाव आता हलायची नाही. — बैल? बैल उभे कुठं करणार, कालव्याच्या दोन्ही अंगांना खडक. बसा. बसा हो, खोकला वाढेल उगाच. — काल का नाही सांगितलं? सांगितलं की! पाणी उतरतंय म्हणालो नव्हतो? नव्हतो? बरं, नसेन. पाच दिवस पोटात कळ होती माझ्या. वाटाड्याशिवाय इथून नाव काढायची कुणाची छाती नाही, म्हणून थांबलात तुम्ही — आणि पूर ओसरला. मी काय नदीला धरून ठेवू?

ओळखलं नाहीत ना मला? कसं ओळखाल, चिखलातली माणसं काठावरून सारखीच दिसतात. मी हेकाइब, ह्याच बेटावरचा कोळी. धबधब्यात नावा फुटतात म्हणून हा कालवा — दक्षिणेचं सोनं, हस्तिदंत, बिबट्यांची कातडी, सगळं ह्यातूनच खाली जातं — आणि दरवर्षी त्यातला गाळ उपसायचा आम्ही. अठरा वर्षांपूर्वी मुकादम होतात तुम्ही. आठवतंय? नाही? मग ऐका. तिसऱ्या वळणाचा काठ खालून पोखरला होता. माझा धाकटा भाऊ सोबेकी म्हणाला, "मुकादम, दरड येईल, आधी वरची माती उतरवू." तुम्ही काय म्हणालात — "हस्तिदंताच्या नावा खोळंबल्यात, खण." तो खणत राहिला. दरड आली. आम्ही नुसत्या हातांनी उपसत होतो, नखं निघाली — पाय दिसला होता त्याचा, धनी, पाय! — आणि तुम्ही म्हणालात, "पुरे झालं. बांध फोडा, पाणी सोडा."

सोडलं पाणी. ना त्याच्या अंगाला पट्ट्या गुंडाळल्या, ना कबर, ना नैवेद्य. आई मरेपर्यंत तिथं भाकरी सोडायची पाण्यात. मासे खायचे.

अपघात? असेल. मी मात्र तेव्हापासून काठीनं तळ चाचपत हा कालवा शिकलो — वीत न् वीत! कशासाठी? तुम्ही म्हातारे होणार, तुम्हाला दगडी शवपेटी लागणार, आणि तसला लाल दगड वरच्या खाणीतच निघतो. यायचंच होतं तुम्हाला इथं. पोटात कळ नव्हतीच, पूर ओसरायची वाट बघत होतो; आणि आज सकाळी त्याच तिसऱ्या वळणावर तुमच्या पेटीची नाव मी डावीकडे, गाळावर घातली. पाणी उजवीकडे होतं. — हो, होतं! ओरडू नका, रक्त पडतंय तोंडातून.

पेटी सोबेकीवरच बसलीय. बरोब्बर त्याच्यावर. एवढा मोठा दगड आमच्यात कुणाला मिळालाय? — काय? समाधान? झालं ना. झालंच की! का नाही होणार? त्या दिवशी तिथं उतरायची पाळी — माझी होती. टाचेत काटा रुतलाय म्हणून मी काठावर बसलो. तो म्हणाला, "बस दादा, मी उतरतो." काटाबिटा काही नव्हता, धनी. काठ पोखरलेला मीही बघितला होता. माझ्या बायकोलाही ठाऊक नाही हे... आणि तुम्हाला कशाला सांगतोय मी? तुम्हाला?

उठा. पुढचा पूर यायला दहा महिने आहेत — वैद्यानं किती दिलेत तुम्हाला? नको, सांगू नका. फळी टाकलीय, उतरा. काठाकाठानं चालत जा. खडक निसरडे आहेत. हात पुढं करू नका, मी धरणार नाही.