सत्यवानाचा पालक

अहो, पालक! एकोणचाळीस वर्षांच्या बाप्याला पालक कसला विचारता? तीन पोरांचा बाप तो, डोक्यावर केस राहिलेत चार, सतरा वर्षं दुसऱ्याच्या होडीवर शीड ओढून हाताला घट्टे पडलेले... आणि म्हणे पालकाचं नाव लिहा! तुम्हाला सांगतो, आमच्या सत्यवानाचं वाटोळं त्या एका रकान्यानं केलं. आणि फॉर्म भरला कुणी? गावच्या शहाण्या पेन्शनर मास्तरानं. म्हणजे मी!

झालं काय, होड्यांना इंजिनं बसायला लागली. आता शीडवाल्याला कोण विचारतो? सत्यवान आपला किनाऱ्यावर बसून. एवढ्यात सरकारनं इंजिन शिकवायचा वर्ग काढला, सहा महिन्यांचा, चाळिशीपर्यंत कुणीही या, आणि गरिबाला महिना चाळीस रुपये विद्यावेतन! त्याची बायको रुक्मिणी मला म्हणाली, "मास्तरानू, चाळीस गावले तर पोरां जगतली. नायतर ह्येंका सा म्हयने पाठवून आमी काय खावचा?" खरंच होतं हो! विद्यावेतन नाही तर वर्ग नाही, वर्ग नाही तर इंजिन नाही, आणि इंजिन नाही तर बस वाळूत रेघोट्या मारत.

फॉर्म छापलेला शाळकरी पोरांसाठी, तोच आम्हाला दिला. कारकून म्हणतो, "वडिलांचं नाव, उत्पन्न, सही." सत्यवान म्हणाला, "बापूस वीस वर्सांमागे दर्यात गेलो. होडीय परत इली नाय." "मग दुसरा पालक लिहा. रकाना रिकामा चालणार नाही!" "सायबानू, आता मीच पोरांचो पालक!" "ते नको. तुमच्यावर कुणीतरी असेल ना? अडल्यानडल्याला विचारता कुणाला?"

झालं! होडी पाण्यात घालायची, देवाला विचार. सोयरीक जुळवायची, देवाला विचार. म्हैस विकायची तरी आमच्याकडे देवाला कौल लावतात, मग हा काय सांगणार? हात जोडून म्हणाला, "रवळनाथाक." कारकुनानं मान वर केली नाही. "लिहा!" अहो, मी थांबवायला नको? पण मी म्हटलं, जाऊ दे, रकाना तर भरतोय...

मग सही! परशुराम गुरवानं देवळात कौल लावला, देवानं उजवा दिला, म्हणजे होकार, गुरवानं देवाच्या वतीनं अंगठा उठवला. उत्पन्न? तर परशुराम म्हणाला, "देवाची भातजमीन, साठ माड... वर्साक दीड हजार खंय गेले नाय." लिहिलं! मीच लिहिलं, सुबक बाळबोध अक्षरात! देवाच्या नावावर खोटं कसं लिहायचं? आणि रकाना रिकामा चालणार नाही ना!

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'पालक श्री. रवळनाथ यांचे वार्षिक उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असल्याने विद्यावेतन नामंजूर.' रुक्मिणी समोर उभी. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि नीट घडी घातली हो. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्ग सोमवारी सुरू होणार, म्हणून शनिवारी धावलो हापिसात. सत्यवान म्हणतो, "सायबानू, तो देव आसा!"

"असेल. उत्पन्न आहे ना?"

"पण तो माका देता खंय?"

"पालक पैसे देत नाही हा तुमचा घरगुती प्रश्न."

ऐका! घरगुती! मी म्हटलं, "मग ते नाव खोडा." तर म्हणे, "खोडून रकाना रिकामा चालणार नाही. पालक मयत असेल तर मृत्यूचा दाखला जोडा, मग बघू."

आता रवळनाथाचा मृत्यूचा दाखला कुठल्या तलाठ्याकडे मागायचा, सांगा! सत्यवान टोपी चुरगळत उभा. आयुष्यात कुणाला उलट बोलला नाही तो, पण त्या दिवशी बोलला. "देवाचो दाखलो मेळाचो नाय, सायबानू. पण असाच चलला तर पावसाआधी माझो मेळात. तो चलात?"

कारकुनानं खण उघडला, आत हात घातला.

"त्याला वेगळा फॉर्म आहे."