डॉल्फिन कशाला आले होते?

(जानेवारी २००५. नाशिक, सिडकोतलं घर, शनिवारची दुपार. निवृत्ती, त्यांची मुलगी योगिनी आणि वणीकडून आलेली त्यांची थोरली बहीण चतुराबाई.)

निवृत्ती: घंटा तू वाजवलीस हे पहिल्याच ओळीत कशाला लिहिलंस? खोड ते.

योगिनी: अण्णा, घंटा मीच वाजवली. अख्ख्या गावाने ऐकली.

निवृत्ती: ऐकली ना? मग परत सांगायची काय गरज? खुलासा म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पंचवीस वर्षं अंबडच्या कंपनीत क्वालिटी खात्यात घासली मी, असले खुलासे ढिगाने लिहिलेत. आधी कारण, मग घटना. घटना जमेल तेवढी बारीक अक्षरात.

चतुराबाई: अरे, मला कुणी नीट सांगंल का? आल्यापासनं नुसतं खुलासा-खुलासा चाललंय. पोरीनं केलं तरी काय?

योगिनी: आत्या, माझी शाळा कोकणात अगदी समुद्राच्या काठाला आहे, माहितीये ना? मागच्या बुधवारी सकाळी प्रार्थना चालू होती. समोर बघते तर पाण्यात काळ्या पाठी. पाच-दहा नाही, दोन-तीनशे. डॉल्फिन. इतक्या जवळ आले होते की त्यांचं फुसफुसणं ऐकू येत होतं. मला वाटलं, त्सुनामी येतेय.

चतुराबाई: ती मद्रासकडं आली व्हती ती?

योगिनी: तीच. महिनासुद्धा झाला नव्हता. पेपरात रोज यायचं की जनावरांना आधी कळलं, माणसांनाच कळलं नाही. मी घंटा बडवली आणि पोरांना घेऊन डोंगरावर पळाले. पोरं पळाली म्हणून त्यांच्या आया पळाल्या. आया पळाल्या म्हणून बाप्ये पळाले.

चतुराबाई: आन् लाट?

योगिनी: नाही आली.

चतुराबाई: मग बरंच झालं की! त्यात खुलासा कसला मागत्यात?

योगिनी: तिथे रापण असते, आत्या. होडीतून लांबलचक जाळं टाकतात आणि काठावर उभं राहून दोन्ही टोकांनी अख्खं गाव ते ओढतं. म्हातारे, बायका, सगळे. त्या दिवशी बांगडा झुंडीने काठाला लागला होता. असा वर्षात एखाद्या वेळीच लागतो म्हणे. आणि ओढायला खाली एक माणूस नव्हता. सगळे माझ्यामागे डोंगरावर. वरून आम्हाला दिसत होतं, पलीकडच्या गावाचे लोक ओढतायत आणि नाचतायत.

चतुराबाई: आगं बाई! म्हंजी भरल्या ताटावरनं उठवलंस गावाला.

योगिनी: हो.

निवृत्ती: अक्का, तू त्यात तेल ओतू नको. गावाने अर्ज दिलाय. घाटावरची बाई नको म्हणतात. केंद्रप्रमुखांनी मंगळवारपर्यंत लेखी खुलासा मागितलाय. ही शिक्षणसेवक, कायम व्हायला अजून दीड वर्ष आहे. खुलासा पटला नाही तर घरी.

चतुराबाई: येऊ दे मग घरी. नाशकात काय शाळांचा दुष्काळ पडलाय?

योगिनी: मला नाही यायचं घरी. मला तीच शाळा पाहिजे. तीच पोरं पाहिजेत. रडवू नका आता मला.

निवृत्ती: कुणी रडायचं नाही. इकडे बघा. कॅलेंडरच्या पाठीमागे काढलंय मी.

चतुराबाई: हे काय? बोंबलाचा काटा?

निवृत्ती: फिशबोन म्हणतात याला. जपानी पद्धत आहे. कंपनीत माल रिजेक्ट झाला की आम्ही क्वालिटी सर्कलची, म्हणजे दोष शोधणाऱ्या गटाची माणसं हेच काढतो. डोक्यापाशी प्रॉब्लेम लिहायचा, एकेका काट्यावर एकेक कारण. मग एकेक खोडत जायचं. शेवटी उरतं ते खरं कारण.

योगिनी: डोक्यापाशी तुम्ही ‘डॉल्फिन काठाला का आले’ असं लिहिलंय. प्रॉब्लेम तो नाहीये, अण्णा.

निवृत्ती: तोच आहे. ते कुठल्या तरी धोक्यामुळे आले असतील तर तू शहाणी. उगाच आले असतील तर तू...

योगिनी: बोला ना. मूर्ख.

निवृत्ती: मी म्हटलं नाही. तू कॉलेजच्या सरांना फोन केला होतास ना, प्राणिशास्त्राच्या? काय म्हणाले ते? सावकाश सांग, मी लिहितो.

योगिनी: म्हणाले, एकच असं कारण नसतं. मोठा शार्क मागे लागला तर उथळ पाण्यात घुसतात.

निवृत्ती: शार्क! झकास. धोका आहे यात.

योगिनी: कुणी पाहिला नाही शार्क.

निवृत्ती: पाहिला नाही म्हणजे नव्हता असं नाही होत. पुढे.

योगिनी: पाणी एकाएकी गार झालं किंवा तापलं तर येतात.

निवृत्ती: तापमान किती होतं त्या दिवशी?

योगिनी: मी चौथीला भागाकार शिकवते, अण्णा. समुद्राला थर्मामीटर कोण लावणार?

निवृत्ती: बरं, राहू दे. पुढचं?

योगिनी: आवाज. त्यांचा सगळा कारभार कानावर चालतो. मोठी जहाजं, समुद्रातले स्फोट, समुद्राखालचा भूकंप, असलं काही झालं तर त्यांची वाट चुकते. निदान तसा अंदाज आहे, म्हणाले.

निवृत्ती: भूकंप! हे लाल पेनाने. अंदमानला अजून रोज धक्के बसतायत, बातम्यांत सांगतात.

योगिनी: अंदमान त्या बाजूला, माझी शाळा या बाजूला. मधे अख्खा देश आहे.

निवृत्ती: धक्क्याला काय, तो कुठूनही जातो.

योगिनी: तुम्हाला खरं कारण पाहिजे की मला वाचवणारं?

निवृत्ती: एकाच काट्यावर दोन्ही मिळालं तर तुझी हरकत आहे का?

योगिनी: अजून दोन सांगितली त्यांनी. पिल्लं घालायच्या दिवसांत शांत पाण्याला येतात. आणि कळपातला एखादा आजारी पडला, तो काठाला आला, तर बाकीचे त्याला सोडून जात नाहीत. त्याच्या पायी सगळे अडकतात.

चतुराबाई: हे मातर पटलं. आमची कपिला खड्ड्यात पडली व्हती, तवा बाकीची गुरं तिथनं हलंनात. वैरण टाकली तरी हलंनात.

निवृत्ती: आजारी असता तर मेलेला काठावर सापडला असता. कट.

चतुराबाई: आन् मी काय म्हंते, खायाला आले असतील तर?

निवृत्ती: अक्का, तू वाटाणे सोल.

योगिनी: ‘माणूस’ असा एक काटा काढलाय तुम्ही. तो रिकामा का?

निवृत्ती: तो रिकामाच ठेवायचा. आमच्या सर्कलचा नियम आहे, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ हे कारण लिहायचं नाही. ते सगळ्यात सोपं पडतं. ऑपरेटर चुकला तर तो का चुकला ते शोधायचं.

योगिनी: मग विचारा ना मला, का चुकलीस.

निवृत्ती: विचारलं. सांग.

योगिनी: आपण नाशिकची माणसं. गोदेला पाणी चढलं की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. तेवढ्यावर अख्ख्या पंचवटीला कळतं की दुकानं कधी उचलायची. तिथे असं काय बघायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. समुद्र बघितला तोच मुळी नोकरी लागल्यावर. मग डॉल्फिन दिसले, ते धरले मी.

निवृत्ती: वा! हे उत्तम आहे. ‘स्थानिक परिस्थितीबाबत प्रशिक्षण दिले गेले नाही.’ ‘मेथड’च्या, म्हणजे पद्धतीच्या काट्यावर टाकतो. यात तुझ्यावर काहीच येत नाही.

योगिनी: नका लिहू. खोटं आहे ते.

निवृत्ती: तुला ट्रेनिंग दिलं होतं?

योगिनी: ट्रेनिंग नव्हतं, पण सांगणारं माणूस होतं. अगदी समोर होतं.

निवृत्ती: कोण?

योगिनी: शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी येतात. त्या चूल पेटवत होत्या. मी घंटेकडे धावले तशा त्या उठून आडव्या आल्या. माझा हात धरला. म्हणाल्या, “बाईनु, बांगडो इलो.” बांगडा आलाय. त्याच्यामागे हे आलेत, असं बोट करून दाखवत होत्या.

निवृत्ती: मग?

योगिनी: मी हात झटकला. म्हणाले, मावशी, तुम्हाला काय कळतंय? पेपर वाचता का तुम्ही?

निवृत्ती: असं म्हणालीस?

योगिनी: असंच. ह्याच शब्दांत.

निवृत्ती: कुणी ऐकलं?

योगिनी: कुणी नाही. पोरांचा गलका चालला होता.

निवृत्ती: ती बाई गावात कुणाजवळ बोलली?

योगिनी: नाही. डोंगरावर आल्या त्या आमच्यामागे, पहिलीतल्या एकीला कडेवर घेऊन. काही होणार नाही हे माहीत असताना आल्या. वर पोहोचल्यावर पोरांना पाणी वाटत होत्या. खाली त्यांच्याही घरचा वाटा जात होता, अण्णा.

निवृत्ती: मग झालं तर. ती बोलली नाही, कुणी ऐकलं नाही. हे लिहायचं नाही. समजलं? शार्क, भूकंप, प्रशिक्षण. तीन कारणं पुष्कळ झाली.

चतुराबाई: निवृत्ती, तोंड मिट जरा.

निवृत्ती: अक्का, तुला यातलं...

चतुराबाई: म्हन की! मला यातलं काय कळतंय, म्हन. मगाशी मी तेच बोलले, खायाला आले असतील. जनावर लांबनं येतं ते दुसरं कशाला येतं? तू मला वाटाणे सोलायला लावलंस.

निवृत्ती: तसं नव्हतं मला म्हणायचं.

चतुराबाई: तसंच व्हतं. माझ्या ल्योकाच्या बागेत औषध मारायला सायेब येतो, तो बी असाच. मी म्हंते, आज आभाळ दाटतंय, नगं मारू. तो हसतो, आजीबाई म्हंतो. मग सांजच्याला पानी येतं, सगळं औषध धुऊन जातं, आन् माझ्याशी बोलायला कुणी येत नाय. मला त्याचा लय राग येतो. आज तुझा बी आला.

निवृत्ती: चुकलं, अक्का.

योगिनी: मी हे लिहिणार आहे. पहिल्याच ओळीत.

निवृत्ती: नोकरी जाईल, योगिनी. केंद्रप्रमुखाला बरं वाटतं असं लिहून दिलेलं. एका सहीचं काम आहे त्याचं. तुझी आई गेल्यावर तू डी.एड. कशी पुरी केलीस ते मी बघितलंय. मला भीती वाटते गं. त्या लाटेची वाटली नाही एवढी या कागदाची वाटते.

योगिनी: मलाही वाटते. पण शार्क लिहून मी परत गेले, तर रोज दुपारी मावशींसमोर ताटली घेऊन कशी उभी राहू?

निवृत्ती: आमच्याकडे झाडू मारायला बहिरू म्हणून एक माणूस होता. नव्वद सालची गोष्ट. मला म्हणाला, साहेब, त्या तीन नंबरच्या मशीनचा आवाज बदललाय. मी म्हटलं, तू झाडू मार. दोन दिवसांत अख्खी बॅच रिजेक्ट. मग आम्ही हे असंच फिशबोन काढलं. रिपोर्टात मी लिहिलं, मटेरियल खराब.

चतुराबाई: आन् त्या बहिरूचं?

निवृत्ती: त्याचं काही नाही. आमच्या सर्कलला बक्षीस मिळालं. स्टीलचे डबे होते. अजून आहेत, बघ ना, तू वाटाणे त्यातच टाकतेयस.

योगिनी: कधी बोलला नाहीत हे.

निवृत्ती: कोणत्या काट्यावर लिहू ते कळलं नाही. आण तो कागद. नवीन घे, या खाडाखोडीवर नको. तारीख टाकलीस? विषय लिही. हां. आता लिही, ‘सदर दिवशी डॉल्फिन हे बांगड्याच्या मागे किनाऱ्यालगत आले असावेत.’ ‘असावेत’च लिही, आपण पाण्यात उतरून बघितलेलं नाही. ‘ही गोष्ट मला घंटा वाजवण्यापूर्वीच सांगण्यात आली होती.’

योगिनी: ‘...आली होती. मी ती ऐकली नाही. दोष माझा आहे.’

निवृत्ती: लिही. घंटेचं पण लिही. आता सांगण्यात आली म्हणजे कुणी सांगितली ते पाहिजे. त्याशिवाय कागदाला अर्थ नाही. ‘शाळेच्या स्वयंपाकी श्रीमती...’ काय नाव त्यांचं?

योगिनी: मावशी.

निवृत्ती: मावशी हे काय नाव झालं? पूर्ण नाव सांग.

योगिनी: सगळे खिचडीवाल्या मावशीच म्हणतात त्यांना.

निवृत्ती: हजेरीवर काहीतरी असेल ना?

योगिनी: हजेरी हेडसरांकडे असते. मी कधी बघितली नाही.

निवृत्ती: दीड वर्ष झालं तुला तिथे.

योगिनी: हो. दीड वर्ष रोज त्यांच्याच हातचं जेवतेय.

चतुराबाई: तेवढी जागा सोडून पुढं लिव्ह, पोरी. आन् सोमवारी यष्टीतनं उतरलीस का शाळेत नको जाऊ. आधी तिच्या दारात जाऊन नाव इचार.