आप्पांचा पक्ष

कुंभकोणमच्या बसस्टँडवर मागच्या बाकावरून अगदी घरातली, तंजावरी मराठी कानावर आली, तशी सीतालक्ष्मी हरखली. वळून "आपण कुठले?" असं विचारणारच होती, तोच मागची मुलगी शेजारी बसलेल्या वडिलांना म्हणाली,

"आप्पा, काल सभेत तो नवा पुढारी म्हणाला, ज्यांच्या घरात तमिळ बोलत नाहीत त्यांनी गाव सोडावं. तुम्ही मंचावरच होता ना?"

"चार टाळकी आहेत गं तसली. पक्ष अजून आम्हा जुन्यांचाच आहे."

"मग जुन्यांपैकी कुणी त्याला गप्प का नाही केलं?"

"अय्यो, सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, मधू!"

"आणि तुम्ही?"

"बसला का उशीर झालाय आज..."

"आप्पा, तुम्ही?"

"मंचावर बसलेल्यानं हात बांधून बसलं तर दिसतं गं ते."

तेवढ्यात पक्षाचं उपरणं गळ्यात घातलेला एक तरुण समोरून आला. सीतालक्ष्मीनं ओठांवरची मराठी गिळली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

"श्श, तमिळ बोल, तमिळ!" मागे आप्पा कुजबुजले.

"पक्ष तुमचाच ना, आप्पा?" लेकीनं विचारलं, स्वच्छ तमिळमध्ये.