वगळलेला पाऊस

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज सेवानिवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती उपअभियंता श्री. हनुमान विशे साहेब, सौ. वहिनी, कार्यालयातील कर्मचारी वर्ग आणि सापगावपासून मुरबाडपर्यंतच्या गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी जैतू वाघ, चिंचोडपाड्याचा. शाळेत शिक्षक आहे, पण वर्गाबाहेर फारसा बोलत नाही. ग्रामस्थांतर्फे साहेबांना श्रीफळ द्यावे आणि चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. श्रीफळ हातात आहे. आधी शब्द बोलून घेतो.

साहेब स्वभावाने चांगले. आमच्या पाड्यावर चिखल तुडवत आले, नाचणीची भाकर खाल्ली. त्यांच्यामुळेच ओढ्यावर मोरी झाली. कामाचा नारळ त्यांनी माझ्या पत्नीच्या, अंगणवाडी सेविका सोमीच्या हातून फोडून घेतला. सोमी नारळ फोडून गप्प बसणारी नव्हती. मोरीत बसवायचे सिमेंटचे नळ पाहून म्हणाली, "साहेब, यातून पानी नाय जायचा." साहेबांनी समजावले, की पंचवीस वर्षांतून एकदा पडतो तेवढा मोठा पाऊस धरला आहे. ती म्हणाली, "मंग त्याला तारीख द्या ना. आमी त्या दिवशी घरी बसू." साहेबही हसले. आठवते ना, साहेब?

पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे एकदा पडला की पुढे सुट्टी, असे नसते. दरवर्षी चिठ्ठी नव्याने काढायची, पंचविसांत एक वाईट. ती लागोपाठही निघू शकते. हे मला साहेबांनीच नंतर शिकवले. तेव्हा सोमी नव्हती.

गेल्या वर्षी जुलैत मोरीवरून पाणी गेले. सोमी अंगणवाडी बंद करून घरी येत होती. मोरीचा भराव तिच्यासकट वाहून गेला. त्याचा दोष मी आज साहेबांना देत नाही. पाऊस खरोखर मोठा होता.

माझा राग पुढचा आहे.

नवी मोरी मंजुरीला आली आहे आणि तिचे नळ तेवढेच आहेत. असे कसे, म्हणून मी गेल्या महिन्यात साहेबांना विचारायला गेलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, त्या दिवसाच्या पावसाचा आकडा बाकीच्या आकड्यांत बसत नाही, फारच वर जातो, म्हणून अपवाद धरून हिशेबातून वगळला.

मी विचारले, "वगळला म्हणजे पडलाच नाही?"

"गुरुजी, तुम्ही फार मनाला लावून घेता," साहेब म्हणाले.

अध्यक्ष महोदय, मी नाही तर कोणी लावून घ्यायचे? पर्जन्यमापक बिघडला होता, असे कोणी म्हणत नाही. आकडा खरा आहे. मोरी बांधायची ती मोठ्या पावसासाठीच ना? एक मूल नापास झाले म्हणून मी त्याचे नाव हजेरीतून काढले आणि शंभर टक्के निकाल लावला, तर तुम्ही माझा सत्कार कराल का?

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे, आटोपते घ्या म्हणून. घेतो.

साहेब, कार्यालय सुटेपर्यंत खुर्ची तुमची आहे. प्रस्ताव तुमच्याच टेबलावर आहे. तो पाऊस परत हिशेबात घ्या आणि मग घरी जा. हे श्रीफळ मी आज देणार नाही. नळ मोठे होतील तेव्हा ओढ्यावर या. ते तुमच्याच हातून फोडू. मागचा नारळ फोडणारी आता नाही.

आयोजकांनी बोलावले, आपण शांतपणे ऐकलेत, मी आभारी आहे. बोलताना माझे काही कमीजास्त झाले असेल, तर ते खुशाल वगळा. तो पाऊस वगळू नका.