कँटीनमधल्या शब्दांची वही

नाही, वही हातात नाही देणार. लांबूनच बघ. आणि तो मोबाईल पालथा ठेव आधी. बंद आहे म्हणतेस, पण मघाशी लाल ठिपका दिसला मला. मीनल म्हणालीस ना, कॉलेजातली? मग तुला कुणी सांगितलं, शिवमंदिराच्या मागं इंदुबाई राहते आणि तिच्याकडं अशी वही आहे? विष्णुपंतांच्या घरून आलीस? नाही? बरं, नाही तर नाही. चहा घे.

अगं, एकवीस वर्षं मी कारखान्याच्या कँटीनला वाढलं. मद्रासकडचे, बंगालकडचे, उल्हासनगरचे सिंधी – जो तो आपल्या बोलीत मागायचा. सेल्वम नवा आला, पहिल्याच दिवशी म्हणतो, चहात पाल! मी अख्खं पातेलं मोरीत ओतलं – दीडशे माणसांचा चहा! त्यांच्यात दुधाला पाल म्हणतात, मला काय ठाऊक? सुपरवायझर ओरडला, पण मला शब्दांची चटक लागली ती तिथून. तोच सेल्वम लाडानं ‘तंबी, तंबी’ करायचा, म्हणजे धाकटा भाऊ, आणि आमचा हिंदुराव उसळायचा – हा कोण मला तंबी देणार? सिंध्यांची मानी म्हणजे पोळी. ‘मानी दे, मानी दे’ – आणि आपल्यात मानी माणूस उपाशी उठेल पण मागायचा नाही. कुणी कुणाचा शब्द चोरलेला नाही हां! तोंडवळा एक, घराणी वेगळी. आपली तंबी अरबीतून आली, त्याचा तंबी त्याच्या घरचाच – हे बघ, ह्या पानावर आहे. नाही? मग पुढच्यावर असेल. मीच लिहिलंय, मला माहीत नसणार? म्हणजे, अरबीचं ते विष्णुपंत म्हणाले, स्टोअरला होते ते. पण शब्द पकडला कुणी? वाढणारीनं! ते डबा घेऊन केबिनमध्ये जेवायचे, त्यांच्या कानावर काय पडणार होतं, पंख्याचा आवाज?

बघतेस काय अशी? अक्षर चांगलं आहे, मग? वाढणारीचं अक्षर चांगलं असू नये? पुठ्ठा होय – उंदरांनी खाल्ला. सरळ रेषेत खाल्ला, हो, आमच्याकडचे उंदीर शिस्तीचे आहेत. त्याच्यावर काय होतं ते कशाला हवंय तुला? नाव होतं. एकच! सहा वर्षं, रोज भांडी झाली की मी सांगायची आणि ते लिहायचे, आणि वर नाव एकाचंच. विचारलं तर हसले. म्हणाले, इंदुबाई, तुमचं नाव बघून कोण उघडणार हो वही? वाईट नव्हता माणूस. साधं हसले, बस. त्याच दिवशी पिशवीत घालून आणली मी. पुढं ते अंथरुणाला खिळले तेव्हा सुनेला पाठवलं, दोनदा. परत नका देऊ म्हणे, नुसती एकदा बघू द्या त्यांना. मी म्हटलं, भंगारात गेली. महिन्याभरात गेले ते.

कप का खाली ठेवलास? मी काय बोलले एवढं? सगळं लिहून घेतलंस वाटतं मनात. आणि हा कागद कसला? परवानगी? कॉलेज छापणार? मग नाव कुणाचं घालणार, ते आधी बोल. माझं? ... एकटीचं? आणि त्यांचं कुठंच नाही?

म्हणजे मी म्हणेन तसं? मीच ठरवायचं?

इथं खाली नाव लिहायचं, माझ्या हातानं ... थांब, चष्मा – आहे गं डोळ्यावर, पण हा लांबचा. पेन नको. पेन ठेव तुझं. अंगठ्याची शाई आणलीस? नाही ना? मग आलीस कशाला? आता तू वहीकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ. नाही – माझ्याकडंही बघू नकोस. ऊठ. कप राहू दे तिथंच. जा तू, आणि दार ओढून घे.