भर दुपारी दिलेली पिल्लं

जनावरांच्या दवाखान्यात मी आमच्या बोक्याला मांडीवर दाबून बसले होते. हात गुंतलेले, पण कान मोकळे. शेजारी खोकं घेतलेल्या एक ताई होत्या आणि त्यांच्या पलीकडे एक आजी.

"खोक्यात काय गं?"

"पिल्लं आहेत, आजी. पाच होती, चार राहिली. आमची कोंबडी खुडूक बसलीय. अंडी सगळी नासली, तरी महिनाभर उठेना. दाणा टिपत नाही, नुसती पिसं उरलीत. म्हटलं विकतची पिल्लं द्यावीत, म्हणजे जगेल तरी. तर तिनं एकाला टोचून मारलं आणि याचं डोकं फोडलं."

"दिलीस केव्हा?"

"भर दुपारी. समोर नेऊन ठेवली."

"अगं बाई, तिला काय स्थळ दाखवायला नेलंस? अंधार पडू दे. मग पोटाखाली हात घालून एक अंडं काढायचं, एक पिल्लू सरकवायचं. सकाळपर्यंत तिची होतात."

"आणि परकी म्हणून ओळखलं तर?"

"नाही ओळखत."

"एवढं खात्रीनं सांगताय?"

"माझ्या मावशीचं बाळ गेलं, तेव्हा ती अशीच जेवेना की उठेना. आईला आम्ही जुळ्या. तिनं रात्री मला झोपेतच मावशीच्या कुशीत ठेवलं."

"मग?"

"सकाळी मी भुकेनं भोकाड पसरलं आणि मावशी उठली."

"आईनं परत नाही मागितलं तुम्हाला?"

"मागितलं की. मावशी टोचायला धावली. ऊठ आता, तुझा नंबर आलाय."